'सह्याद्रीचा वारा' यांना उत्तर (जरा लांबलंय)

खाली प्रतिक्रियेत मावेना म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी राहतो अमेरिकेत, पिट्सबर्गजवळ, आणि इथल्या एका छोट्या गावच्या म्युझियममध्ये दर बुधवारी जाऊन 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक'च्या जुन्या वह्या स्कॅन करतो. अमेरिकन यादवीत उत्तरेकडून लढलेल्या माजी सैनिकांची ही संघटना, १८६६ ला इलिनॉयमध्ये डिकेटरला सुरू झाली, १८९० च्या आसपास चार लाखांवर मेंबर, गावोगाव शाखा, शाखेला 'पोस्ट' म्हणायचे.

त्यावर 'सह्याद्रीचा वारा' यांचे चार मुद्दे. एक, संघटना बंद झाल्याचं साल चुकलंय. दोन, हातमोजे न घालता जुनी वही हाताळतानाचा फोटो टाकलाय. तीन, ही नुसती चित्रं आहेत, नाव टाकून शोधता येत नाही, मग उपयोग काय. आणि चार, हे त्यांचंच वाक्य: "आपल्या साताऱ्याच्या फौजींच्या ट्रंका वाळवी खातीये आणि हे साहेब गोऱ्यांच्या वह्या झाडत बसलेत."

साल चुकलं, मान्य. १९४९ ला इंडियानापोलिसला शेवटचं अधिवेशन झालं, त्याला सहाच म्हातारे येऊ शकले. संघटना संपली १९५६ मध्ये, शेवटचा मेंबर अल्बर्ट वूल्सन वारला तेव्हा. चूक माझीच, धन्यवाद. बघा, नीट सांगितलं की ऐकतो मी.

पण ते चौथं वाक्य. मुद्द्याचं मला काही नाही हो, 'साहेब' आणि 'झाडत बसलेत' हे कशाला? समोर बसून चहा पिताना म्हणाला असतात का असं? आणि साताऱ्याचं म्हणाल तर ते मला तरी शिकवू नका. अपशिंगे मिलिटरीचं उदाहरण दिलंत, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले म्हणून. माझ्या आत्याचं सासर आहे ते. त्या जवानांच्या आठवणीचा तिथला दगड मी पाचवीत असल्यापासून बघतोय, तुम्ही बहुतेक यूट्यूबवर बघितला असेल.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे जिथे पडले त्या टायबरच्या खोऱ्याचं नाव मी शाळेच्या पुस्तकात नाही, आजोबांच्या तोंडून ऐकलंय, ते 'टायबर' म्हणायचे नाहीत, 'टायबरी' म्हणायचे. ते गेले आणि आजीचं पेन्शन अडकलं. फौजेच्या नोंदीत तिचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेली नोंदवही, ती तरी कुठली, ट्रंक उघडली तर वाळवीने पुठ्ठा सोडून आतलं सगळं नेलेलं. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात वडील चपला झिजवत होते, शेवटी आजोबांच्या पलटणीतले दोन म्हातारे सापडले, त्यांनी लिहून दिलं की हो, हा आमच्याबरोबर होता आणि ही त्याची बायको. तेव्हा ट्रंक आणि वाळवी हे शब्द माझ्यासमोर वापरताना जरा जपून.

आता 'गोऱ्यांच्या वह्या'. अहो, लेख पूर्ण वाचलात का? उत्तरेच्या सैन्यात पावणेदोन लाखांहून जास्त काळे सैनिक होते. पिट्सबर्गमध्ये त्यांची स्वतःची पोस्ट होती, काळ्या सैनिकांच्या रेजिमेंटचा गोरा कमांडर कर्नल शॉ, त्याच्या नावाची. त्यांच्यातले कितीतरी जन्माने गुलाम, जन्मतारखेचा पत्ता नाही, मालकाचं आडनाव टाकून नवीन घेतलेलं, आणि पेन्शनच्या अर्जात विचारणार वय काय, नाव काय, लग्न कुठे झालं. मग काय करायचे? बरोबरचे सैनिक लिहून द्यायचे, की हो, हा आमच्याबरोबर होता. काही आठवतंय का वरचं? पोस्टच्या मेंबर रजिस्टरमध्ये वय, जन्मगाव, धंदा, रेजिमेंट, भरती कधी, डिस्चार्ज कधी, सगळं एका ओळीत असतं, आणि ही रजिस्टरं एका जागी नाहीतच, पोस्टचा शेवटचा मेंबर गेला की वह्या कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या लायब्ररीत. इथे जवळच कार्नेगी गावात लायब्ररीच्या इमारतीत १९०६ पासूनची एस्पी पोस्टची खोली अजून आहे, पण असं नशीब सगळ्या पोस्टांचं नसतं. पहिल्यांदा त्या रजिस्टरच्या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा मला आजीच आठवली, आता याला झाडणं म्हणायचं असेल तर म्हणा.

हातमोज्यांचं: ते सिनेमात. कापडी मोज्यांनी कागदाची कड कळत नाही, पान फाटतं. हात धुऊन, कोरडे करून, बास. वही पूर्ण उघडतही नाही आम्ही, फोमच्या उशीवर अर्धवट ठेवून वरून फोटो घेतो, शिवण तुटू नये म्हणून.

सर्चचं म्हणाल तर होईल ते हळूहळू. आधी फोटो तरी निघू देत.

आणि "साताऱ्यासाठी तुम्ही काय केलंत" असं पुढच्या प्रतिक्रियेत येणारच आहे, तर आधीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आत्याकडे गेलो होतो, तिथल्या दोन घरच्या ट्रंका उघडून मोबाईलवर फोटो काढलेत, डिस्चार्ज बुकं, एक मेडलचा कागद, इटलीहून आलेलं एक पत्र. ते अजून फोनमध्येच आहेत, हेही खरं. वेळ मिळत नाही. तुम्ही तिथेच राहता ना, मग तुम्ही किती काढलेत?

१९४९ चं १९५६ आत्ताच बदललंय. बाकी लेख आहे तसा राहील.