आवळाबाईची आंघोळ

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. भाचा पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून पहाटे लातूरला उतरला, तो हातात जाळीची पेटी घेऊन. कंपनी त्याला चार महिने जर्मनीला धाडणार होती आणि पेटीतला ऐवज तोवर मामाकडे राहणार होता. त्यानं झाकण उघडलं. वटवाघळाचे कान, कपाळावर आठ्या, पोट लोंबतंय आणि अंगावर केस म्हणून नाही, असं काहीतरी सावकाश बाहेर आलं. आईनं चष्मा पदरानं पुसून पुन्हा घातला.

"कुणी भादरलं रे हिला?"

"आजी, ही जातच अशी असते. स्फिंक्स म्हणतात. लई महाग मिळते."

"पैशे देऊन खरजुलं मांजर आणलास?" असं म्हणत आई करंजाचं तेल आणायला आत गेली. भाच्यानं तिला कसंबसं आवरलं.

तिचं कागदोपत्री नाव ऑलिव्हिया. आईच्या तोंडी ते दोन दिवसांत 'आवळी' झालं आणि आठवड्यात 'आवळाबाई'. मला वाटलं, आई थट्टा करतेय. पण रात्री मोबाईलवर या जातीची कुळकथा वाचायला बसलो, तर 1966 साली कॅनडातल्या टोरांटोत साध्या केसाळ मांजरीला एक बिनकेसाचं पिल्लू झालं आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं प्रून. म्हणजे वाळवलेला आलुबुखार. तिकडं काय नि इकडं काय, त्या अंगाकडं बघून सुकलेल्या फळापलीकडं कुणाला काही सुचत नाही.

स्फिंक्स हे नाव इजिप्तच्या पुतळ्याचं, त्यामुळं पाहुण्यांना ही वाळवंटातली वाटते. गाव मात्र कॅनडा. हे ऐकून आई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बर्फ पडतंय तिथं उघडं मांजर, अन् आमच्या बेचाळीस डिग्रीत बोक्याला कांबळं. देवाचा हिशेबच कळंना."

प्रूनचा वंश पुढं टिकला नाही. आजच्या स्फिंक्स मांजरी आल्या त्या नंतरच्या. 1975 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या एका शेतावर आणखी एक बिनकेसाचं पिल्लू झालं आणि पुढच्या वर्षी दुसरं. त्यांची नावं एपिडर्मिस आणि डर्मिस, म्हणजे कातडीचा वरचा थर आणि खालचा थर. (बारसं बहुतेक जीवशास्त्राच्या मास्तरांनी केलं असावं.) पुढं टोरांटोच्या रस्त्यावर सापडलेली पिल्लं आणि कुरळ्या केसांची डेव्हन रेक्स जात यांच्याशी सोयरीक जुळवत हे घराणं उभं राहिलं. हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अंगावर दिसतो. शेजारच्या काकूंना हे लगेच पटलं. "स्थळ बघताना दोन्हीकडचं बघावंच लागतंय," म्हणाल्या. मग एकदा मांजरीकडं आणि एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मामावर गेली बगा."

उघडं अंग म्हणजे ऊब टिकत नाही आणि ऊब टिकत नाही म्हणून खाणं जास्त. सालगड्यासारखी चारदा जेवायची. उन्हात सोडावी तर कातडी पोळते, थंडीत ठेवावी तर कुडकुडते. आईनं जुन्या लुगड्याचं झबलं शिवलं. केस नाहीत म्हणजे शिंका नाहीत, हा भाच्याचा शब्द आणि तोही खोटा निघाला. शिंका आणणारा पदार्थ मांजराच्या लाळेत आणि कातडीत असतो. बायको दोन महिने नाकाला रुमाल लावून पोळ्या लाटत होती.

पण हे सगळं सोसलं असतं. खरी पंचाईत आंघोळीची. इतर मांजरांच्या कातडीचं तेल केस टिपून घेतात. हिला टिपायला काही नाही, म्हणून तेल अंगावरच साचतं. पांढऱ्या चादरीवर ही तासभर निजली की उठल्यावर चहा सांडल्यासारखा तांबूस डाग, तोही मांजराच्या आकाराचा. म्हणून दर आठवड्याला कोमट पाणी, लहान बाळाचा शाम्पू, कानातला मळ, नखांच्या बेचक्यातली घाण, असा साग्रसंगीत सोहळा.

आणि हे कुठं? लातुरात! 2016 साली मिरजेहून जलदूत रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते हे गाव. तेव्हापासून आम्ही पाणी डोळ्यांनी मोजतो. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही रात्री दोनला. पहिल्या शनिवारी अंगणात बादली घेऊन बसलो आणि मांजर मांडीवर घेतली. भिजलेलं अंग हातातून आमसुलासारखं निसटत होतं. भिंतीपलीकडून काकूंचं डोकं वर आलं.

"काय करायलाव भाऊजी?"

"आंघोळ घालायलोय."

"आम्ही दोन दिवसाआड कपडे धुवायलाव, अन् तुम्ही मांजर धुवायलाव!"

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पुढच्या वेळेपासून मी दार लावून न्हाणीघरात आवळाबाईला घासू लागलो आणि खाली घमेलं ठेवून ते पाणी संडासाला वापरू लागलो. तिचं ओरडणं ऐकून काकूंना आत नक्की काय चाललंय असं वाटत असेल, ते मी विचारलं नाही.

मार्चअखेरीस नळाची एक पाळी हुकली. टाकीचा तळ दिसला. न्हाणीत अर्धी बादली उरली होती. शनिवार होता आणि मला संध्याकाळी साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मी टॉवेल खांद्यावर टाकून निघालो, तर आईनं बादली धरून ठेवली.

"तिची पाळी आज."

"अगं, मला चार माणसांत जायचंय!"

"तूच सांगितलास ना, केस तेल टिपून घेतेत म्हणून? तिला केस नाहीत. तुला कशाला पाणी?"

मी काही न बोलता मान खाली घातली. आईची नजर माझ्या डोक्यावर गेली आणि तिथंच थांबली. डोक्यावर न्हाणीतल्या बल्बचा उजेड पडला असणार.

"बरं," आई म्हणाली, "एक तांब्या तू घे."