नेझा आणि नलकूबर: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने ‘नेझा २’ या चिनी ॲनिमेशन पिक्चरबद्दल एक मेसेज टाकलाय, तुमच्याकडेही आला असेलच. म्हणणं असं की नेझा, म्हणजे चिनी पुराणकथांमधला बालदेव, हा आपल्या कुबेराचा मुलगा नलकूबर, चीनने तो चोरला, पिक्चरमध्ये कालियामर्दन उलटं करून कृष्णाचा अपमान केलाय, सगळं एआयने तीन महिन्यांत बनवलंय, कमाई खोटी आहे, म्हणून मुलांना दाखवू नका. माझा भाचा हा पिक्चर बघून आल्यापासून वहीभर नेझाची अग्निचक्रं काढत असतो, त्याने विचारलं, मामा, मी चोरीचा पिक्चर बघितला का? डोकंच सटकलं.

आधी नलकूबर. यात अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. तेल अवीव विद्यापीठातले अभ्यासक मेइर शाहार यांचं नेझाच्या भारतीय मुळांवर २०१५ मध्ये अख्खं पुस्तक आलंय. बौद्ध ग्रंथांसोबत कुबेर, म्हणजे वैश्रवण, चीनमध्ये गेला आणि मागोमाग त्याचा मुलगाही गेला. आठव्या शतकातल्या अमोघवज्र या बौद्ध भिक्षूच्या नावावरच्या ग्रंथांत तो बापाच्या परिवारात दिसतो आणि नलकूबर या नावाचंच चिनी रूप आखडत नेझा झालं. नेझाचा बाप ली जिंग हातावर छोटा स्तूप घेऊन उभा असतो, ती खूणसुद्धा वैश्रवणाचीच. बाळकृष्णाच्या गोष्टींचाही धागा शाहार जोडतात. इथपर्यंत ठीक.

पण चोरी? आपला नलकूबर भागवतात दारू पिऊन नदीत स्त्रियांसोबत दंगा करतो, नारदाच्या शापाने भावासह झाड होतो आणि बाळकृष्ण उखळ ओढत नेऊन ती यमलार्जुनाची जोडी पाडतो तेव्हा सुटतो. रामायणात तो रंभेपायी रावणाला शाप देतो. बस, एवढंच. आता ‘फेंगशेन यान्यी’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला नेझा बघा. आई साडेतीन वर्षं गरोदर, जन्माला येतो तो मांसाचा गोळा, बाप तलवारीने तो फोडतो तेव्हा आतून पोरगं निघतं, हे पोरगं पुढे समुद्राच्या नागराजाचा मुलगा मारतं आणि नागराज आईबापाच्या जिवावर उठतो, तेव्हा आपल्या गुन्ह्याची शिक्षा त्यांना नको म्हणून नेझा स्वतःचं मांस कापून आईला परत देतो, हाडं बापाला. गुरू त्याला कमळापासून नवं शरीर देतो आणि मग तो त्याच बापाला मारायला निघतो! यातलं नलकूबराच्या गोष्टीत काय आहे, सांगा मला. नाव आणि बाप आपल्याकडून गेले, गोष्ट तिकडच्या लोकांनी कित्येक शतकं रचली. थायलंडचं रामायण, रामकियेन, बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळाच्या भिंतींवर रंगवलंय म्हणून याच ग्रुपवर अभिमानाने फोटो फिरतात, तिथे कुणी चोरी म्हणत नाही. एकनाथांनी वाल्मीकींची कथा आपल्या पद्धतीने सांगितली ती चोरी का?

कालियामर्दनाचा मुद्दा तर सरळ विष पेरणारा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पिक्चर बघितलेलाच नाही. कादंबरीत नेझा ज्याला मारतो तो नागराजाचा मुलगा आओ बिंग पिक्चरमध्ये त्याचा जिवलग मित्र आहे, दोघांची शरीरं नष्ट झालीत आणि सुरुवातीचा बराच वेळ दोघं नेझाच्याच एका शरीरात राहतात. हे नाग, म्हणजे ड्रॅगन, इथे समुद्राखाली डांबलेले, दुसऱ्यांसाठी राबवलेले. खरा दुष्ट निघतो तो स्वर्गातला सभ्य चेहऱ्याचा सिद्धपुरुष. कालिया कुठे, यमुना कुठे, काय हा बादरायण संबंध! आणि कादंबरीतलं बापलेकाचं वैर काढून टाकून इथे आईबाप पोरासाठी जीव टाकणारे केलेत. शापाने नेझाच्या अंगभर काटे उगवतात आणि तरी आई त्याला घट्ट कवटाळते, काटे रुततात, ती सोडत नाही. हे बघून कुठल्या पोराच्या मनात कृष्णाबद्दल वाईट येणारे? उगाच देवाचं नाव घेऊन घराघरात राग पेटवायचा.

एआय आणि तीन महिने, हे साफ खोटं. पहिला भाग २०१९ चा, दुसरा २९ जानेवारी २०२५ ला आला, मध्ये पाच वर्षं १३८ कंपन्यांतली चार हजारांवर माणसं खपली. दिग्दर्शक जियाओझी मूळचा फार्मसीचा विद्यार्थी, त्याने पहिली शॉर्ट फिल्म घरी बसून तीन वर्षांहून जास्त काळ एकहाती केली होती. असल्या माणसाच्या कामाला बटण दाबलं की झालं म्हणायचं?

राहिली कमाई. दोनशे कोटी डॉलरच्या वरचा आकडा खोटा आहे म्हणायला मेसेजमध्ये पुरावा शून्य. हां, त्यातली जवळजवळ सगळी कमाई चीनमधलीच आहे, बाहेर त्या मानाने फारच थोडी, त्यामुळे ‘अख्खं जग वेडं झालं’ म्हणणारेही फुगवूनच सांगतायत. मेसेजमध्ये एवढंच लिहिलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.