पबात वरणभात शोधणाऱ्याचं उत्तर

लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारातल्या अर्ध्या बार, अर्ध्या रेस्टॉरंटवर मी लिहिलं, त्याखाली ‘एक जुनं गिऱ्हाईक’ अशी सही करून तुम्ही प्रतिक्रिया दिलीत: “साहेब, पबात जाऊन वरणभात शोधू नये. म्हाताऱ्या आईला घेऊन गेलात, गाणी मोठी म्हणून रडलात, बिल बघून घाम फुटला, वर सर्व्हिस चार्ज काढायला लावलात, मागच्या दारापाशी फायर इन्स्पेक्टर झालात. कुलाब्याच्या माँडेगर कॅफेत ऑम्लेटशेजारी बिअर चालते तेव्हा तक्रार नाही. तुमच्यासारख्यांनी शेट्टीच्या परमिट रूममध्ये बसावं. आणि दारूवर जीएसटी नसतो, तेवढं तरी बघून लिहा.”

शेवटापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. दारूवर राज्याचा व्हॅट असतो. बारमध्ये बसून पिणाऱ्यांसाठी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांचा १० झाला. जेवणावर ५ टक्के जीएसटी. मी ‘सगळ्यावर जीएसटी’ असं ठोकून दिलं होतं, ते वाक्य दुरुस्त केलंय. तुमच्यामुळे बिल पुन्हा काढून पाहिलं, तर मध्ये चक्क रेघ: वर बोंबील आणि कबाब, खाली दोन पिंट आणि एक लार्ज. हॉलमध्ये जे वेगळं ठेवता आलं नाही ते निदान कागदावर ठेवलं होतं.

सर्व्हिस चार्जचं म्हणाल तर तो आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मॅनेजरने कुरकुर न करता काढला. वेटरच्या हातात दोनशे रुपये दिले, ती काही लेखात लिहायची गोष्ट नव्हे.

आता वरणभात. मी फोन करून जागा धरली होती. तीन माणसं, एक वयस्कर, जेवायला येतोय, असं सांगितलं होतं. “या ना सर, डायनिंग साइड आहे.” सव्वाआठला बसलो तेव्हा खरंच होती. टेबलावर उजेड, शेजारी एक कुटुंब, त्यांचं पोर नूडल्स सांडतंय. सव्वानऊच्या सुमाराला दिवे मंदावले. मग डोक्यावरचा स्पीकर, जो आतापर्यंत शोभेचा वाटत होता, तो जागा झाला. बिर्याणी मागितली तर “चाळीस मिनिटं लागतील सर, बार बाइट्स लगेच येतील.” नूडल्सवालं कुटुंब निमूट उठलं. जा असं कोणी कोणाला म्हणालं नाही, पण बसा असंही कोणी म्हणेना.

माझी तक्रार एवढीच होती. जेवायला म्हणून आत घेतलेल्या माणसाला तासाभराने न सांगता पिणाऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवायचं, तेही त्याच खुर्चीवर.

माँडेगरचं उदाहरण म्हणूनच इथे लागू होत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या भिंतीवरच्या चित्रांखाली बसून मी ऑम्लेट आणि बिअर दोन्ही घेतलंय, पहिल्या पगाराची बिअर तिथलीच. लिओपोल्ड कॅफे १८७१ पासूनचं, तिथेही तेच. पण या जागा अर्ध्या-अर्ध्या नाहीतच. आत पाय टाकल्याक्षणी कळतं की इथे कलकल असणार, शेजारचा मग आपल्या कोपराला लागणार. रात्री नऊला त्यांचा स्वभाव बदलत नाही.

आणि परमिट रूम! तिथे मी जातोच हो. मुळात हे नावच बंदीतून आलंय. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आहे, नाव तेवढं महाराष्ट्राचं झालं. पिणाऱ्याकडे परवाना हवा, एक दिवसाचा पाच रुपयांना, आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण, बिअरला २१. तो परवाना कोणी मागत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. पण त्या कायद्याच्या धाकाने शेट्टी हॉटेलवाल्यांना एक शिस्त लागली: पिण्याची जागा कुठली आणि खाण्याची कुठली, हे भिंत घालून ठरवायचं. खाली राइस प्लेट, माळ्यावर परमिट रूम. किंवा मधे लाकडी पार्टिशन आणि पलीकडे ‘फॅमिली रूम’. बाहेर ट्यूबलाइट, टीव्हीवर आवाज बंद करून मॅच, न मागता आलेले चणे आणि काकडी. आत पडद्यापलीकडे एखादी आजी नातवाला डोसा भरवतेय. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. त्या भद्द्या पार्टिशनची किंमत मला लोअर परळला कळली.

नव्या लोकांना ती भिंत का परवडत नाही, तेही कळतं. दुपारी ऑफिसवाल्यांचं लंच आणि रात्री ग्लास, दोन्ही कमाई एकाच खुर्चीतून काढायची. भाडं, लायसन्सची फी, कर. १४ जुलै २०२५ ला बारवाल्यांनी बंद पाळला तो करांच्याच ओझ्यापायी. जेवणाच्या टेबलापेक्षा पिणाऱ्या टेबलावर पैसा जास्त सुटतो, तेव्हा रात्री कोणाला उठवायचं हे ठरलेलंच. मग फोनवरच सांगा की, नऊनंतर बार होतो.

मागच्या दारापाशी बिअरचे क्रेट रचलेले होते यावर मी चार ओळी लिहिल्या, त्याला तुम्ही ‘फायर इन्स्पेक्टर’ म्हणालात. म्हणा. लोअर परळच्याच कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर आग लागली, १४ माणसं गेली. तेव्हापासून गिरणीच्या आवारात कुठेही बसलो की आधी बाहेर पडायचं दार शोधतो. ही सवय मला सोडायची नाही.

राहिली आई. तिला कशाला नेलं, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो. माझे वडील त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९८२ चा संप होईपर्यंत. आईचं बरेच दिवस चाललं होतं, एकदा आत काय झालंय ते दाखव. दारूचं तिला वावडं नाही. माझ्या ग्लासात काय आहे ते विचारून तिने वासही घेतला, म्हणाली औषधासारखं आहे. मोबाइलच्या टॉर्चने मेनू वाचत होती. नंतर काचेतून बाहेर बोट दाखवून काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली. स्पीकर डोक्यावर. बायकोने कान पुढे केला, तिलाही कळेना. तिसऱ्यांदा आईने हाताने ‘जाऊ दे’ केलं आणि बोंबील खायला लागली.

टॅक्सीत विचारलं तेव्हा म्हणाली, “पगाराच्या दिवशी मी तिथे गेटाशी उभी राहायचे. तू कडेवर. तुझे बाबा थेट गुत्त्यावर वळू नयेत म्हणून.” पुढे काही बोलली नाही. टेबलावर बोलली असती का, कोणास ठाऊक. आवाजाबद्दलचं माझं रडणं या एका वाक्यापुरतं होतं. लेखात मी ते ‘संगीत कर्कश’ असं लिहून मोकळा झालो, तो आळस माझा.

तुमचा शेट्टी कुठला ते मात्र कळवा. पार्टिशन असेल आणि बोंबील रव्यातले मिळत असतील तर रविवारी येऊ, तिघंही. आई पडद्याच्या अलीकडे बसते की पलीकडे, ते तिचं ती ठरवेल.