"आफ्रिकेत हॉस्पिटलला नियमच नसतात" म्हणे! तो फॉरवर्ड एकेक मुद्दा करून

परत फिरायला लागलाय तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: केनिया, युगांडा, टांझानिया इकडे हेल्थकेअरला स्टँडर्डच नाहीत, जी काय गाइडलाइन आहे ती डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) झेरॉक्स, ती पण कोणी पाळत नाही, औषधांवर कोणाचं लक्ष नाही, आणि म्हणूनच तिकडचे पेशंट मुंबईला येतात. चांगले शिकलेले लोक थम्ब्सअप टाकतायत त्यावर, म्हणून लिहितोय.

१) "स्टँडर्डच नाहीत."

साफ खोटं. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाचं 'युगांडा क्लिनिकल गाइडलाइन्स' नावाचं जाडजूड पुस्तक आहे, 2016 ची आवृत्ती आहे, नंतर 2023 ची पण आली. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे उपचाराच्या समोरच लिहिलेलं असतं की हा कुठल्या पातळीवर द्यायचा. हेल्थ सेंटर दोन म्हणजे साधारण आपलं उपकेंद्र धरा, मग तीन, मग चार जिथे सिझेरियन होणं अपेक्षित आहे, मग हॉस्पिटलं, आणि सगळ्यात वर कंपालाचं मुलागो. म्हणजे लांबच्या केंद्रातल्या नर्सला कळतं की इथपर्यंत मी करायचं आणि इथून पुढे पेशंट वर पाठवायचा. टांझानियाची गाइडलाइन आणि अत्यावश्यक औषधांची यादी एकाच पुस्तकात असते. केनियात दवाखान्यांच्या अशाच सहा पातळ्या, इथिओपियाचं हॉस्पिटल चालवायचं वेगळं गाइडलाइन. चांगली-वाईट काय ते बोला, पण "नाहीतच" कसं म्हणता?

२) "डब्ल्यूएचओची झेरॉक्स."

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण इथे गोष्ट चक्क उलटी घडलीय. तापाने फणफणलेलं मूल शॉकमध्ये आलं, म्हणजे रक्तपुरवठा ढासळलेला, हातपाय गार, की पटकन सलाईन सोडायचं, भरभर, हे जगभर शिकवलं जायचं. पण आफ्रिकेतल्या मुलांवर ते नीट तपासलं कोणी होतं? ते तपासलं फीस्ट नावाच्या ट्रायलने, केनियात किलिफी, टांझानियात मुहेझा आणि युगांडातली चार हॉस्पिटलं, मिळून 3141 मुलं. (जुलाबाने सुकलेली आणि तीव्र कुपोषित मुलं यात नव्हती, त्यांचा हिशोब वेगळा.) निकाल 2011 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरी नियतकालिकात आला. ज्यांना भरभर सलाईन दिलं त्यांच्यात 48 तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात 7.3 टक्के. म्हणजे शंभरामागे तीन मुलं जास्त, आणि ती पण ज्या उपचाराने वाचतील असं सगळे धरून चालले होते त्याच उपचाराने. ट्रायल मध्येच थांबवावी लागली.

आता पुढचं बघा. केनियाने 2013 च्या बालरोग प्रोटोकॉलमध्ये हा भरभर सलाईनचा सल्ला बदलून टाकला. डब्ल्यूएचओच्या त्याच वर्षीच्या खिशात मावणाऱ्या पुस्तकात मात्र जुनाच सल्ला राहिला, त्यावर 2014 मध्ये जाहीर टीका झाली, आणि त्यांची सुधारित गाइडलाइन आली 2016 ला. मग झेरॉक्स कोणी कोणाची काढली?

हो, बऱ्याच गाइडलाइन्सचा पाया डब्ल्यूएचओचाच असतो, ते नाकारत नाही. आपल्याकडे क्षयरोगापासून लसीकरणापर्यंत तेच आहे, त्यात लाज कसली.

३) "कोणी पाळत नाही."

अर्धं खरं. पण हे शोधून कोणी काढलं, तर तिकडच्याच लोकांनी! केनियात आठ जिल्हा हॉस्पिटलांत अभ्यास झाला. चार ठिकाणी प्रोटोकॉलबरोबर नीट ट्रेनिंग, हॉस्पिटलातच एक माणूस पाठपुराव्याला, आणि वरचेवर येऊन तुमचं काम कसं चाललंय हे दाखवणं. बाकी चार ठिकाणी तोच प्रोटोकॉल, पण ट्रेनिंग आणि पाठपुरावा बराच कमी. दीड वर्षाने पहिल्या चार हॉस्पिटलांत मुलांची तपासणी आणि उपचार लक्षात येण्याइतके चांगले निघाले. म्हणजे माणसं आळशी आहेत वगैरे नाही, नुसतं पुस्तक हातात ठेवून कोणी बदलत नाही.

टांझानियाने तर 2015-16 मध्ये देशभरातल्या प्राथमिक केंद्रांना दर्जा बघून स्टार द्यायला घेतले आणि साधारण एक-तृतीयांश केंद्रांना शून्य स्टार मिळाले. सरकारने स्वतःच्याच केंद्रांना! दुसऱ्या फेरीत शून्यवाल्यांची संख्या खूप उतरली. आपल्याकडे असे स्टार गावागावात लावले तर काय निघेल ते बघायला मला फार आवडेल.

औषधांचा तुटवडा मात्र खरा आहे आणि तो मोठा आहे. पुस्तकात लिहिलेलं इंजेक्शन कपाटात नसेल तर नर्स काय करणार, जे आहे ते देणार नाहीतर चिठ्ठी लिहून बाहेर पाठवणार.

४) "औषधांवर लक्ष नाही."

टांझानियाच्या औषध नियामकाला डब्ल्यूएचओची तिसरी पातळी (म्हणजे औषधांवरची देखरेख नीट, पक्की चालते असा शिक्का) 2018 मध्ये मिळाली, आफ्रिकेत पहिला तोच. तिथे खपणारी कितीतरी औषधं भारतातून जातात, आणि आपले कारखाने तपासायला त्यांचे इन्स्पेक्टर इकडे येतात. एवढं पुरे.

५) "म्हणूनच मुंबईला येतात."

येतात, खरंय. पण कशासाठी? कॅन्सर, किडनी, हार्ट. 2016 मध्ये युगांडाचं कॅन्सरला किरणं द्यायचं एकुलतं एक रेडिओथेरपी मशीन बंद पडलं, ते मुलागोमध्येच होतं, आणि नवीन चालू व्हायला दुसरं वर्ष संपत आलं. हा मशीनचा, पैशाचा, स्पेशालिस्टांचा प्रश्न आहे. नियम नाहीत म्हणून कोणी विमानाचं तिकीट काढत नाही.

आणि नियमांचंच म्हणाल तर आपल्याकडचं बघा: खाजगी हॉस्पिटलांसाठी किमान स्टँडर्ड ठरवणारा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 चा आहे. महाराष्ट्राने तो घेतलेला नाही. आपल्याकडे 1949 चाच नर्सिंग होम कायदा चालतो, दरपत्रक लावा आणि पेशंटच्या हक्कांची सनद लावा हे त्याच्या नियमांत आलं 2021 मध्ये. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलात ते दरपत्रक दिसलं तर फोटो टाका.