भाषा शिकण्याचा पगार

आज दुपारी ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एका मराठी घरी सत्यनारायणाची पूजा होती. प्रसाद घेऊन सगळे निवांत बसले असताना, अर्धी हयात ओक्लाहोमात काढलेले एक काका म्हणाले, "या चेरोकी लोकांची चैन आहे. कॅसिनोचा पैसा घरबसल्या मिळतो, आणि आता तर म्हणे स्वतःचीच भाषा शिकायला पगारही मिळतो!" चार जण हसले, एकाने टाळीही दिली. (चेरोकी हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक, आणि चेरोकी नेशन हे ओक्लाहोमातल्या चेरोकींचे स्वतःचे सरकार.) दुसऱ्याचे घर आणि पूजेचा दिवस, म्हणून मी तिथे तोंड उघडले नाही. घरी येऊन साडीही न बदलता लिहायला बसले आहे, त्यामुळे सूर थोडा चढला तर समजून घ्यावे.

तो पगार घेतलेली एक मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. ती आमच्या कार्यालयात हिशेबाच्या विभागात माझ्या शेजारी बसत असे. आजी चेरोकी बोलणारी, आई नुसती समजणारी आणि ही दोन-चार शब्दांपलीकडे कोरी, अशी त्या घराची तीन पिढ्यांची उतरण होती. आजीने लहानपणी निवासी शाळेत स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल मार खाल्ला होता. तो आपल्या लेकरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती त्यांच्याशी जन्मभर इंग्रजीतच बोलली. या मुलीने चांगली नोकरी सोडली आणि चेरोकी नेशनच्या राजधानीत, टॅलक्वाला, २०१४ पासून चालणाऱ्या प्रौढांच्या भाषावर्गात नाव घातले. तिथे दोन वर्षे, आठवड्याचे चाळीस तास, अस्खलित बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सहवासात चेरोकी शिकायची असते. त्या दोन वर्षांत घरभाडे थांबत नाही, मुलाचा खर्च थांबत नाही, गाडीचा हप्ता थांबत नाही, म्हणून शिकणाऱ्यांना मोबदला दिला जातो. यात हसण्यासारखे काय आहे, ते मला अजून कळलेले नाही.

आधी कॅसिनोचे बोलू. चेरोकी नेशन जुगाराच्या नफ्यातून आपल्या सदस्यांना दरडोई वाटणी करत नाही. उत्तर कॅरोलिनातला ईस्टर्न बँड हा चेरोकींचा गट करतो, हे खरे. पण ते सरकार वेगळे आहे, आणि इतकी वर्षे या राज्यात राहून हा फरक माहीत नसेल तर निदान पाचजणांत बोलू तरी नये. इथला पैसा दवाखान्यांत, वृद्धांच्या घरांच्या दुरुस्तीत आणि शिष्यवृत्त्यांत जातो. टॅलक्वातल्या जुन्या कॅसिनोच्या इमारतीत तर २०२२ पासून भाषाकेंद्र चालते. त्याला डर्बिन फीलिंग यांचे नाव दिले आहे. व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेल्या या माणसाने १९७५ साली चेरोकी-इंग्रजी शब्दकोश केला आणि २०२० साली जाईपर्यंत भाषेचेच काम केले. जुगार मला आवडत नाही, आणि त्या यंत्रांपुढे पेन्शन घालवणारी म्हातारी माणसे मीही पाहिली आहेत. तरीही जिथे ती यंत्रे होती तिथे आता लहान मुले आपल्या लिपीत पाटी गिरवत असतील, तर त्या पैशाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

त्या मुलीने एकदा मला अडेअर काउंटीत तिच्या आजीच्या धाकट्या बहिणीकडे नेले होते. म्हातारीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीने भरलेला कप, एक टॉवेल, एक लाकडी चमचा आणि एक बटाटा मांडला, आणि मांजराचे पिल्लू मांडीवर घेतले. मग एकेक वस्तू मागायला सांगितली. चेरोकीत पातळ पदार्थ मागण्याचे क्रियापद निराळे, कापडासारख्या लवचीक वस्तूचे निराळे, लांब ताठ वस्तूचे निराळे, घट्ट गोळ्यासारख्या वस्तूचे निराळे आणि जिवंत प्राण्याचे निराळे. आमच्या हिशेबनीस बाईंनी पिल्लू बटाट्याच्या क्रियापदाने मागितले. म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, पिल्लू घट्ट धरून ठेवले आणि बरोबर मागेपर्यंत काही दिले नाही. असे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही आणि शनिवार-रविवारच्या वर्गातही मिळत नाही. त्यासाठी शिकणाऱ्याला दिवसचे दिवस मोकळे ठेवावे लागतात आणि शिकवणारी म्हातारी जिवंत, निरोगी आणि छपराखाली असावी लागते.

हे कुठल्या अडाणी जमातीबद्दल चालले आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांच्यासाठी सांगते. सिक्वोया या चेरोकी माणसाने, ज्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, १८२१ पर्यंत आपल्या भाषेची स्वतंत्र अक्षरमाला तयार केली. 'चेरोकी फीनिक्स' हे इंग्रजी-चेरोकी वृत्तपत्र २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू इकोटा इथे निघाले. बाळशास्त्रींचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चे, म्हणजे त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी आलेले, आणि तेही द्विभाषिकच. दर सहा जानेवारीला आपण पत्रकार दिनाच्या शुभेच्छा पाठवतो, आणि त्याच दशकात आपल्याच मातीवर वृत्तपत्र छापणाऱ्या चेरोकींचे पुढे काय झाले? जॉर्जियाच्या शिपायांनी १८३५ साली त्यांचा छापखाना उचलून नेला. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० माणसांना घरांतून हुसकून इकडे ओक्लाहोमाकडे हाकलले, आणि त्यांतली सुमारे ४,००० दगावली असे मानले जाते. इथे येऊन त्यांनी पुन्हा सरकार उभे केले, शाळा काढल्या. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य होण्याच्या सुमारास तेही मोडीत निघाले. त्यानंतर कित्येक दशके त्यांचा प्रमुख अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नेमत असत. स्वतःचा प्रमुख पुन्हा स्वतः निवडायला त्यांना १९७१ साल उजाडले. ज्यांच्याकडून एवढे हिसकावून घेतले त्यांनी आपलीच भाषा आपल्याच पैशाने परत मिळवायची, आणि आपण शिऱ्याचा घास घेत फिदीफिदी हसायचे!

थोडे शांत होऊन पुढचे लिहिते.

आज चेरोकी नेशनचे साडेचार लाखांहून अधिक नागरिक आहेत आणि ही भाषा अस्खलित बोलणारे जेमतेम दोन हजार, तेही बहुतेक उतारवयातले. म्हणूनच २०१९ साली तिन्ही चेरोकी सरकारांनी (चेरोकी नेशन, ईस्टर्न बँड आणि युनायटेड कीटूवा बँड) मिळून भाषेच्या बाबतीत आणीबाणी जाहीर केली. करोनाची लस डिसेंबर २०२० मध्ये आली, तेव्हा चेरोकी नेशनने ती पहिल्या फळीतल्या आरोग्यसेवकांच्या बरोबरीने अस्खलित बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांना दिली. बटाटा आणि मांजराचे पिल्लू घेऊन बसणारी ती म्हातारी त्या रांगेत होती. भाचीच्या लेकीने, म्हणजे आमच्या या मुलीने, तिला गाडीतून नेले. जाताना ती कुरकुरत होती, की माझ्या वयाच्या सगळ्यांना सोडून मला आधी कशाला? तिच्या तोंडातली भाषा हे त्या रांगेत उभे राहायला पुरेसे कारण होते. कुठल्या सरकारने आपल्या भाषेसाठी असे काही केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या माणसांसाठी असे झटणे ही तिथली जुनी रीत आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अडेअर काउंटीतल्या बेल या गावी अनेक घरांत नळ नव्हते. विल्मा मॅनकिलर यांनी तिथल्या लोकांना हाताशी धरले, आणि गावकऱ्यांनी श्रमदानातून सुमारे सोळा मैलांची जलवाहिनी स्वतः खणून टाकली. आळशी लोक आहेत, हे काही करणार नाहीत, असे त्यांच्याबद्दल बाहेरचे बोलत होते. आज दुपारचे वाक्य आणि ते वाक्य यांत मला फारसे अंतर दिसत नाही. त्याच मॅनकिलर पुढे १९८५ ते १९९५ या काळात चेरोकी नेशनच्या प्रमुख होत्या, आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री.

सगळे गोड आहे, असे माझे म्हणणे नाही. श्रीमंत चेरोकींनी आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून राबवले होते. त्यांच्या वंशजांना १८६६ च्या तहाने नागरिकत्व मिळूनही ते अनेक वर्षे नाकारले गेले, आणि राज्यघटनेतला रक्ताचा निकष चेरोकींच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये काढेपर्यंत तो वाद धुमसत राहिला. हा डाग आहे, तो पुसता येणार नाही. पण काकांचा आक्षेप हा नव्हता.

ती मुलगी आता लहान मुलांच्या चेरोकी माध्यमाच्या शाळेत शिकवते, पूर्वीपेक्षा कमी पगारावर. तिला काय हवे आहे, असे मी विचारले तेव्हा तिने संस्कृती, अस्मिता असे शब्द काढलेच नाहीत. भाषा शिकून बाहेर पडणाऱ्यांना भाषेतच नोकऱ्या मिळाव्यात, नाहीतर ते पुन्हा टल्साला हिशेब करायला येतील. भाषा बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी शाळेजवळ घरे बांधली आहेत, तशी आणखी बांधावीत. टेक्सास-कॅलिफोर्नियात पांगलेल्यांनाही मुलांना शिकवण्याची सोय हवी. आणि वॉशिंग्टनमध्ये आपले गाऱ्हाणे मांडणारा आपला माणूस हवा. या शेवटच्या मागणीचा आधार १८३५ च्या न्यू इकोटा तहात आहे. तो तह बहुसंख्य चेरोकींना डावलून मूठभरांनी केला होता आणि त्याच्याच जोरावर सगळ्यांना हाकलले गेले. पण त्यातच अमेरिकी प्रतिनिधिगृहात चेरोकी प्रतिनिधी घेण्याचे वचनही आहे. प्रमुख चक हॉस्किन यांनी २०१९ साली किम टीही यांचे नाव त्यासाठी दिले. प्रतिनिधिगृहाने त्यांना अजून जागा दिलेली नाही.

आपल्यापैकी ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे त्यांना आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याला याबद्दल पत्र लिहिता येते. मी माझे पत्र या पोस्टच्या आधी पाठवले आहे. मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करावा. आज टाळी देणाऱ्यालाही मी तो आनंदाने पाठवीन.