नोटा खऱ्या असूनही

आज संध्याकाळी कोथरूडमधल्या एका मोठ्या दुकानात "येथे रोख रक्कम स्वीकारली जात नाही" ही पाटी वाचली. घरी येऊन जेवण उरकले, भांडी आवरली, तरी राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पाटीखाली सेल्फ-चेकआउटची यंत्रे ओळीने मांडलेली होती. वस्तू आपणच यंत्रासमोर धरायच्या, आकडा आपणच तपासायचा, पैसे आपणच भरायचे आणि पिशवीही आपणच भरायची. पूर्वी जिथे गल्ल्यावर माणसे बसत, ती जागा दोरी लावून बंद केलेली होती.

माझ्यापुढे एक बाई आपल्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. शाळेच्या धावण्याच्या स्पर्धेसाठी त्याला बूट घ्यायचे होते. बूट निवडून झाले होते, मुलगा खोका छातीशी धरून उभा होता आणि बाईंनी पर्समधून घडी घातलेल्या नोटा काढल्या होत्या. मदतीला उभा असलेला तरुण म्हणाला, "मॅडम, इथं कॅश घेत नाही. यूपीआय नाहीतर कार्ड." त्यावर त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, नोटा खऱ्या आहेत हो."

हे वाक्य ऐकल्यापासून मला चैन नाही. आपला पैसा खोटा समजून परत केला जातो आहे, असे त्या माउलीला वाटले. कष्टाचे पैसे घेऊन आलेल्या ग्राहकावर ही वेळ आणणाऱ्या व्यवस्थेला आधुनिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली कितीतरी वर्षे रोखपालाच्या खिडकीत गेली. नोटा समोरच्याच्या देखत मोजायच्या, आकडा मोठ्याने सांगायचा, शंका असेल तर पुन्हा मोजायच्या, ही तिथली शिस्त होती. पैसे देणारा आणि घेणारा यांच्यात त्या क्षणी एक जबाबदारी ठरत असते आणि काही चुकले तर कोणाला विचारायचे हे दोघांनाही ठाऊक असते. यंत्राने दोन वेळा रक्कम कापली, सवलत लागलीच नाही, एकच वस्तू दोनदा नोंदली गेली, तर कोणाला विचारायचे? पडद्यावर लाल अक्षरे उमटतात, वर दिवा लुकलुकतो आणि माणूस येईपर्यंत आपण चोरी करताना सापडल्यासारखे उभे असतो.

दुकानांनी आपली कामे ग्राहकाच्या अंगावर टाकणे काही आजचे नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढले आणि फळीवरचा माल गिऱ्हाइकाने स्वतः उचलायची पद्धत रुजवली. पुढे जून १९७४ मध्ये ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानाच्या गल्ल्यावर वाचला गेला. पण या दोन्ही वेळी पैसे घ्यायला समोर माणूस होता. आता तोही हलवला आहे आणि त्याचे काम आपण बिनपगारी करतो. त्या कामाचा मोबदला म्हणून बिलातून एक रुपया तरी कमी झालेला कोणी पाहिला आहे का?

१९७४ हेच वर्ष आपल्या पुण्यासाठी वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बिंदुमाधव जोशी यांनी इथे ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. ग्राहकाला हक्क असतात हे देशाच्या कायद्यात १९८६ साली आले, त्याच्या बारा वर्षे आधी या शहरातली माणसे ते दुकानादुकानांत जाऊन सांगत होती. त्याच शहरात नोटा हातात धरलेल्या बाईला परत जायला सांगितले जाते आणि रांगेतले कोणी काही बोलत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी पुढे झाले. "मी माझ्या फोनवरून भरते, तुम्ही मला रोख द्या," असे त्यांना म्हटले. त्या आधी नको म्हणाल्या. अनोळखी माणसाचे उपकार घ्यायचे, तेही स्वतःचे पैसे हातात असताना, हे त्यांना जड जात होते. मुलाच्या तोंडाकडे पाहून शेवटी तयार झाल्या आणि नोटा दोनदा मोजून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. मदत केल्याचे समाधान मला वाटले नाही, लाजच वाटली. त्यांना माझ्यासमोर याचक करून ठेवणाऱ्या त्या पाटीची लाज.

यंत्रामुळे वेळ वाचतो, हे मान्य. दोनच वस्तू घेऊन घाईत असलेल्या माणसाला ते सोयीचे आहे आणि माझी सूनही तेच वापरते. रोख सांभाळणे दुकानाला महाग पडते, हेही मला ठाऊक आहे. मोजणी, रात्रीची जुळवाजुळव, सुट्ट्यांची चणचण, बँकेतला भरणा हे सगळे मी पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्कही द्यावे लागत नाही. पण मंडईतल्या भाजीवालीकडे पाहा. तिच्या टोपलीपाशी क्यूआर कोडही टांगलेला असतो आणि पोत्याखाली सुट्टे पैसेही असतात. तुम्ही जे द्याल ते ती घेते. तिला जे परवडते ते वातानुकूलित दुकानाला परवडत नाही, हे मी कधीही मानणार नाही.

रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २६ प्रमाणे नोट भारतात कोठेही कायदेशीर चलन आहे. खासगी दुकानावर रोख घेण्याची सक्ती करता येते का, याचा कीस ज्यांना काढायचा त्यांनी काढावा. मला विचाराल तर ज्या दुकानाचे दार रस्त्यावर उघडते, त्याने या देशाची नोट नाकारता कामा नये.

आणि खरा संताप तर पुढे आला. त्या बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा सुरक्षारक्षकाने बिल मागितले. बिल त्यांच्याजवळ नव्हते, कारण यंत्राने कागद दिलाच नव्हता. मोबाइल क्रमांक टाकल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हते आणि बिल माझ्या फोनवर आले होते. मी अजून माझे सामान स्कॅन करत होते. वळून पाहते तो त्या दाराशी अडकलेल्या आणि मुलाच्या हातातला खोका रक्षकाने काढून घेतलेला! मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानांना बजावले आहे. तरी क्रमांक घेतल्याशिवाय बिल नाही, आणि बिल नाही म्हणून दारात झडती. रोखपालाचे काम ग्राहकाने करायचे आणि वर संशयितही त्यानेच व्हायचे.

मी तिथे आवाज चढवला. त्या मदतनीस तरुणाने धावत येऊन रक्षकाला समजावले आणि मुलाला खोका परत दिला. त्या पोरावर माझा राग नाही. एकट्यानेच तो सगळ्या यंत्रांच्या लाल दिव्यांमागे पळत होता, त्याला बसायला स्टूलसुद्धा नव्हते, आणि पाटी काही त्याने लावलेली नव्हती. "आमच्या हातात नाही हो, काकू," असे तो मला म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा खरोखरच उतरलेला होता.

परदेशातली काही दुकाने मात्र मागे वळू लागली आहेत. इंग्लंडच्या बूथ्स या साखळीने २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतली अशी यंत्रे काढून पुन्हा माणसे बसवायचे ठरवले. नेदरलँड्सच्या जम्बो दुकानांत तर २०१९ पासून निवांत बोलत पैसे देऊ इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा गल्ला सुरू झाला, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी दिवसभरात बोलणारे कोणी नसते. आपल्याकडे तर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची घरे गल्लोगल्ली आहेत.

दुकानाच्या व्यवस्थापकांना द्यायचे पत्र मी आत्ताच लिहून ठेवले आहे. निदान एक गल्ला माणसाचा आणि रोख घेणारा असावा, मागितल्यास कागदी बिल मिळावे, मोबाइल क्रमांकाची सक्ती नसावी आणि पडद्यावर मराठीही असावी, एवढ्याच मागण्या आहेत. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कळवावे. शनिवारी सकाळी पत्र घेऊन मी स्वतः दुकानात जाणार आहे.