गरीब पोरांना पैशाची अक्कल शिकवायचीय? हे वाचून मगच या

मार्च जवळ आलाय, कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकार्याच्या खर्चाचं, बजेट शिल्लक राहिलंय आणि एचआरच्या मॅडमचा मेल येऊन पडलाय की व्हॉलंटियरिंगचे तास भरा, नाहीतर अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा दिसेल. बिलकुल टेन्शन घेऊ नका. 2013 च्या कंपनी कायद्यात 135 वं कलम आहे, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्च करावेत असं त्यात लिहिलंय, आणि समाज कुठंय म्हणाल तर तो इथं बीड जिल्ह्यात, आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, सतरंजीवर मांडी घालून बसलाय. तुमचीच वाट बघतोय. मी इथं कॉमर्स शिकवतो आणि प्लेसमेंट सेल नावाचं एक लोखंडी कपाट माझ्या ताब्यात आहे, त्यामुळं असल्या पाहुण्यांचं आदरातिथ्य माझ्याच गळ्यात येतं. परवाच पुण्याहून एक टीम 'फायनान्शियल लिटरसी अँड करिअर रेडीनेस' घेऊन येऊन गेली. त्या टीमकडून जे काही शिकायला मिळालं ते पुढच्या व्हॉलंटियर बंधूभगिनींच्या सोयीसाठी लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, वेळ. दहाची वेळ द्या आणि पावणेबाराला पोचा. नगरच्या पुढं मिसळीला थांबणं आलंच, टीम बाँडिंगचाच भाग आहे तो. पोरं नऊपासून बसलेली असतात, कारण प्राचार्यांनी अटेंडन्स कंपल्सरी केलेला असतो. वाडी-तांड्यावरच्या मुलींची दुपारची एसटी चुकली तर पुढची संध्याकाळी आहे, पण तो एसटी महामंडळाचा प्रश्न, तुमचा नाही.

बॅनर मात्र विसरू नका. माणूस विसरला तरी चालेल.

स्लाइड्स इंग्रजीतच ठेवा, पोरांना एक्स्पोजर मिळतं.

आता मुख्य विषय, बजेटिंग. इथं तुम्ही 50-30-20 चा नियम सांगायचा. उत्पन्नाचे 50 टक्के गरजांवर, 30 टक्के हौसेमौजेवर, 20 टक्के बचत. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या पोरांचे आईबाप दसरा-दिवाळीला मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेत, म्हणजे वर्षाचं उत्पन्न आधी हातात येतं, मागच्या देण्यात आणि बहिणीच्या लग्नात जातं, आणि मग पुढचे पाच-सहा महिने नवराबायकोनं कोयता चालवून ते फेडायचं असतं. तोड कमी पडली तर उरलेली उचल पुढच्या सीझनच्या डोक्यावर. आता यातले 30 टक्के हौसेचे कुठून काढायचे हे तुम्ही त्यांना स्लाइडवर गोल काढून, तीन रंग भरून समजावून सांगा. आमच्या टीमने सांगितलं. वर रोजच्या कॉफीचे पैसे वाचवले तर तीस वर्षांत किती लाख होतात ते पण दाखवलं. मागच्या रांगेतला एक पोरगा शेजारच्याला विचारत होता की दीडशेची कॉफी म्हणजे डबाभर पावडर मिळत असेल का रे. इमर्जन्सी फंड सहा महिन्यांचा हवा असंही एका मॅडमनी सांगितलं. हवाच हो. आमच्याकडं नुसती इमर्जन्सी असते, फंडाचं तेवढं बघा.

करिअरच्या सेशनला 'फॉलो युवर पॅशन' म्हणायचं आणि सगळ्यांना लिंक्डइनचं प्रोफाइल उघडायला लावायचं. घरात एकच मोबाईल आहे, तो सध्या बापाबरोबर कारखान्यावर आहे, असं कुणी म्हणालं तर 'कम्फर्ट झोनमधून बाहेर या' म्हणून हसायचं. अप्रेंटिसशिप नावाचा प्रकार 1961 च्या कायद्यापासून आहे, त्यात काम शिकता शिकता स्टायपेंड मिळतो, हे चुकूनसुद्धा बोलायचं नाही. राज्य सरकारनं 2024 ला युवा कार्य प्रशिक्षण काढलं, बारावीला 6, आयटीआय-डिप्लोमाला 8 आणि पदवीला 10 हजार महिना, आमची कितीतरी पोरं ते करून आलीत आणि आता पुढं काय म्हणून माझ्या कपाटासमोर उभी असतात, त्यांना तुम्ही मॉक इंटरव्ह्यू द्या. 'वेअर डू यू सी युवरसेल्फ इन फाइव्ह इयर्स' विचारा. छान वाटतं.

मध्ये चहाच्या सुट्टीत तुमच्यातल्या एखाद्या तरुण सरांनी दोन-चार पोरांना बाजूला घेऊन मोबाईलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यातला स्वतःचा प्रॉफिट दाखवायचा. स्क्रीनशॉट हिरवाच असला पाहिजे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये हिशोब काढून सांगितलं होतं की 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, खेळणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, पण सर तुमच्याकडं बघून उरलेल्या सात टक्क्यांतलेच वाटतात, तोंडावर तेज आहे. नंतर 'मेंटॉरिंगसाठी' म्हणून व्हॉट्सॅप ग्रुप करायचा आणि त्यावर पहिला मेसेज शेअर ठेवायचं डिमॅट खातं उघडायच्या लिंकचा टाकायचा. लिंकच्या शेपटाला तुमचा रेफरल कोड असतोच. आमच्या ग्रुपवर तो पहिला मेसेज आहे आणि शेवटचा पण तोच आहे. त्याच्याखाली पोरांचे 'थँक्यू सर', हात जोडलेले, गुलाबाची फुलं, आणि एका पोरानं विचारलंय, 'सर पॅन कार्ड नाही, आधारवर होईल का?' दोन निळ्या रेघा दिसतायत. उत्तर नाही.

फीडबॅक फॉर्म क्यूआर कोडवरच ठेवा. पाचपैकी पाच द्यायला मी सांगतो सगळ्यांना, काळजी नसावी.

आणि मग येतात प्रश्न. प्रश्नांना शेवटची पाच मिनिटं भरपूर झाली. वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं राबून परत आलेला एक पोरगा उठला, म्हणाला, "सर, पगारातनं पीएफ कापायचे, पण ऑनलाइन पासबुकात एक रुपया दिसत नाही, काय करायचं?" तर सर म्हणाले, "व्हेरी गुड क्वेश्चन, आपण हे ऑफलाइन घेऊ." अगदी बरोबर उत्तर. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर मूळ कंपनीच्या गळ्याशी येतं, तशी कायद्यात सोय आहे, पण कंपनीचा टी-शर्ट घालून हे तुम्ही कुठं सांगत बसता, तुमच्या स्वतःच्या गेटवरचा वॉचमन कुणाच्या पेरोलवर आहे हे विचारायची वेळ यायची. तेव्हा येत नसेल तर ऑफलाइन घ्या. खुशाल घ्या. पण हात जोडून सांगतो, उत्तर येत नसताना उत्तर देऊ नका.

कारण परवा नेमकं तेच झालं. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची एक पोरगी उठली. आईबाप कर्नाटकात कारखान्यावर, घरी आजी, धाकटा भाऊ आणि दोन शेळ्या, आणि सगळा कारभार हिच्याकडं. रेशन, किराणा दुकानातली उधारी, भावाची फी, बचत गटाचा हप्ता, सगळं ही बघते, एका वहीत लिहून. तिनं बॅगेतून बापाचं पासबुक काढलं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि विचारलं, "सर, पप्पांच्या खात्यातनं दर मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये कट होतेत, ते कशाचे?"

साहेबांनी पासबुक हातातसुद्धा घेतलं नाही. लांबूनच म्हणाले, "बँकांचे हिडन चार्जेस असतात असे, कुणी विचारत नाही म्हणून कापतात. तुम्ही ब्रँचमध्ये जा आणि बंद करायला सांगा." मग सगळ्यांकडं वळून, "सी, धिस इज फायनान्शियल अवेअरनेस!" आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

अहो साहेब, ती जीवन ज्योती आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. 2015 पासून चालू आहे, आधी 330 होते, जून 2022 पासून 436 झाले, पन्नाशीच्या आत घेतलेला असला आणि हप्ता चालू ठेवला तर पंचावन्नपर्यंत चालतो, आणि खातेदार गेला, कशानंही गेला, तर घरच्यांना 2 लाख मिळतात. तिच्या जोडीला 20 रुपयांची अपघाताची वेगळी असते. पासबुकात त्या आकड्यासमोर नाव छापलेलं असतं, इंग्रजीत छापलेलं असतं, तुमच्या लाडक्या इंग्रजीत, दोन पावलं पुढं येऊन वाचायचं होतं फक्त. त्या पोरीचा बाप पहाटे अंधारात उठून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन, फळीवरून ट्रॉलीवर चढतो. रोज. थंडीत ती फळी दवानं ओली असते. पाय घसरला तर मुकादम काय देणार आहे? कारखाना काय देणार आहे? त्या घरात विमा म्हणून जे काही आहे ते हे वर्षाचे 436 रुपये आहेत, महिन्याला चाळीस सुद्धा पडत नाहीत, आणि तुम्ही, ज्यांचा स्वतःचा, बायकोचा आणि दोन्हीकडच्या आईबापांचा विमा कंपनी काढते, तुम्ही माइक हातात धरून तिला सांगताय की बंद कर. आणि बंद करून नंतर परत चालू केला तर पहिले 30 दिवस अपघात सोडून दुसऱ्या कशानं माणूस गेला तर काही मिळत नाही, ते वेगळंच.

मी मागून उठून बोललो म्हणून निभावलं. साहेब म्हणाले, "ओह, इंटरेस्टिंग, थँक्स फॉर शेअरिंग सर." पुढची स्लाइड 'पॉवर ऑफ कंपाउंडिंग'.

मग गुलाबाचं रोप, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. त्या पोरीला पुढच्या रांगेत बसवलं होतं, फोटोत मुली दिसायला हव्या होत्या. संध्याकाळी पोस्ट आली, 'शिकवायला गेलो आणि खूप काही शिकून आलो'. काय शिकलात? सांगा ना. 436 म्हणजे काय एवढं तरी शिकलात का?

आता उपरोध वगैरे बास झालं, सरळ बोलतो. तुम्हाला आमच्या पोरांना पैशाचं शिकवायचंय ना, तर आधी आमची पोरं कुठं बुडतात ते विचारा. तालुक्याला एक 'दादा' फिरतोय, पोरांना म्हणतो तुझं बँक खातं आणि एटीएम दे, महिन्याला पाच हजार घे, बसून खा. त्या खात्यातनं कुणाचेतरी लुटलेले पैसे फिरतात, मग खातं गोठवलं जातं, पोलीस दारात येतात, आणि ज्या पोरानं जन्मात कुणाचे पैसे बुडवले नाहीत त्याचं नाव सायबर गुन्ह्यात. याच्यावर तुमच्याकडं स्लाइड नव्हती. ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930 ला लगेच फोन करायचा, हे चार आकडे तुम्ही फळ्यावर लिहिले नाहीत. आधारची झेरॉक्स मागणाऱ्या लोन ॲपवाल्यांबद्दल बोलला नाहीत. सॅलरी स्लिप कशी वाचायची, बेसिक किती, पीएफ 12 टक्के कशाचे धरतात, ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड का मागून घ्यायचं, हे नोकरीला लागण्याच्या आदल्या दिवशी पोरांना कळायला पाहिजे की नाही? हे तुम्हाला येत असेल. नक्की येत असेल, तुमच्याही पगारातनं पीएफ कापतातच की. पण तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, कारण त्यात 'इन्स्पायर' करण्यासारखं काही नाही. तुम्हाला वाटतं इथल्या पोरांना पैशाची किंमत माहीत नाही, तुम्ही येऊन सांगायची. त्या पोरीची वही एकदा उघडून बघितली असतीत तर तुमच्या कंपनीच्या खर्चाच्या व्हाउचरपेक्षा चोख हिशोब दिसला असता.

सोमवारी मी तिला घेऊन बँकेत गेलो. विमा चालू आहे. वारस म्हणून तिच्या आजोबांचं नाव निघालं, आजोबा वारले त्याला बराच काळ झाला. बदलायला बापाची सही लागते, बाप एप्रिलला पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा सीझन संपल्यावर, येणार, तोवर फॉर्म माझ्या कपाटात. कॅशियर वैतागलेला, प्रिंटर बंद, एक फॉर्म चुकला म्हणून दुसरा आणायला खाली झेरॉक्सवाल्याकडं जायचं, अख्खा अर्धा दिवस गेला एका पोरीच्या एका ओळीसाठी. असल्या दीडशे पोरांच्या दीडशे ओळी आहेत इथं. त्यासाठी माणूस पाहिजे. बॅनर नको, रोप नको, टी-शर्ट नको. वर्षातून एकदा वीस जण येऊन तीन तास उजेड पाडण्यापेक्षा एकच जण या, महिन्यातून एकदा या, शेवटच्या बाकावर बसा आणि पोरं जी कागदं पुढं करतील ती वाचून द्या. जमत नसेल तर येऊ नका, तुमच्या हॉलिडेचा आणि आमच्या पोरींच्या एसटीचा खोळंबा करू नका.

आणि येताना जरा कॅलेंडर बघा. 'ब्रँचमध्ये जा' म्हणून ज्या दिवशी ऐटीत सांगून गेलात तो चौथा शनिवार होता. बँका बंद असतात, 2015 पासून.